थांबलेला दुखवटा : व्हिक्टोरियन व्यक्तिचित्रांतील काळ आणि प्रतीक

मराठीत 'शोक' आणि 'दुखवटा' हे दोन वेगळे शब्द आहेत. शोक होतो, दुखवटा पाळला जातो. शोकाला मुदत नसते. दुखवट्याचे दिवस ठरलेले असतात, आणि ते सरल्यावर आप्तांनी आणलेले वस्त्र अंगावर घेऊन माणूस नेहमीच्या व्यवहारात परततो. त्या वस्त्रालाही दुखवटाच म्हणतात. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील व्यक्तिचित्रांचा विचार करताना हा भेद विशेष उपयोगी पडतो. मृत्यूनंतरच्या आचाराची अत्यंत तपशीलवार चिन्हव्यवस्था त्या समाजाने उभारली होती, आणि त्या काळच्या चित्रांवरील पुष्कळसे लेखन या चिन्हांचा कोश लावण्यातच खर्ची पडले आहे. विलो म्हणजे विलाप, आयव्ही म्हणजे चिरंतन स्मृती, देठापासून तुटलेले फूल म्हणजे अकाली मृत्यू, फुलपाखरू म्हणजे आत्मा, अशी ती समीकरणे. ती चुकीची नाहीत. परंतु त्यांच्या आधारे चित्र 'वाचून झाले' की त्यात नेमके काय घडते हा प्रश्न बाजूला पडतो. दुखवट्याची चिन्हे ही मूलतः काळाची चिन्हे होती. किती दिवस झाले आणि किती उरले हे ती सांगत. व्यक्तिचित्र तर काळ थांबवते. ज्या चिन्हाचा अर्थ त्याच्या बदलण्यात आहे, ते चिन्ह न बदलणाऱ्या पटावर आले म्हणजे त्याचे काय होते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

संकेत साधारणतः असे होते. पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीने एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण दुखवट्यात काढावा. या काळात वस्त्रे काळी आणि त्यांवर क्रेप या निस्तेज, चुणीदार रेशमी कापडाचे आच्छादन. डोक्यावर विधवेची पांढरी टोपी. त्यानंतर क्रेप टप्प्याटप्प्याने कमी होई, मग साधे काळे रेशीम येई, आणि शेवटी अर्धदुखवट्याचे राखाडी, फिकट जांभळे, पांढरे रंग. हा सारा प्रवास सुमारे अडीच वर्षांचा. आईवडील वा अपत्य यांच्यासाठी वर्षभर, इतर नात्यांसाठी उतरत्या क्रमाने काही महिने. दागिना चाले तो जेटचा, म्हणजे व्हिट्बीच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या, कोळशाच्या जातीच्या काळ्या खनिजाचा, किंवा मृताच्या केसांपासून घडवलेला. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ मध्ये निघालेले जे यांचे मोठे दुकान दुखवट्याच्या सामानासाठीच होते, आणि कोर्टोल्ड घराण्याची भरभराट क्रेपच्या उत्पादनावर झाली. पुरुषांचे काम सोपे होते. टोपीला काळी फीत आणि काळे हातमोजे एवढ्यावर भागे. शिवाय एकोणिसाव्या शतकात प्रतिष्ठित पुरुषाचा रोजचा वेषच काळा होऊन बसला होता, त्यामुळे त्याच्या अंगावरील काळा रंग विशेष काही सांगू शकत नव्हता. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर जेथे भेद नाही तेथे अर्थही नाही. दुखवट्याचा अर्थ वाहून नेण्याचे काम अशा रीतीने जवळजवळ सर्वस्वी स्त्रीच्या देहाकडे आले.

मराठी वाचकाला येथे आपल्याकडील विधवेची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण साम्य वरवरचे आहे. ब्राह्मणी रूढीत वैधव्य हे काढून घेण्यातून व्यक्त होई : कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, केस. एकदा नेसवलेले आलवण उतरायचे नसे. त्या व्यवस्थेत टप्पे नव्हते, म्हणून काळही नव्हता. इंग्रज विधवेवर चिन्हे चढवली जात आणि मुदतीने उतरवली जात. पुनर्विवाहाची वाट तिला कायद्याने आणि धर्माने मोकळी होती. (तिकडे काळे वस्त्र वैधव्याचे आणि इकडे काळे मणी सौभाग्याचे, हा प्रकार चिन्हाची यादृच्छिकता समजावताना वर्गात सांगण्याजोगा आहे.)

काव्य काळात उलगडते आणि चित्र अवकाशात मांडले जाते, हा लेसिंगने 'लाओकून' (१७६६) मध्ये केलेला भेद जुना झाला असला तरी येथे त्याला पर्याय नाही. चित्रकाराच्या वाट्याला एकच क्षण येतो. म्हणून मागचे आणि पुढचे ज्यातून कल्पिता येईल असा क्षण त्याने निवडावा, असे लेसिंगचे सांगणे. व्हिक्टोरियन काळातील सर्वांत प्रसिद्ध विलापिका, टेनिसनचे 'इन मेमोरियम' (१८५०), याच्या नेमकी उलट बाजूस उभी आहे. टेनिसनचा मित्र आर्थर हॅलम १८३३ मध्ये वारला आणि ही कविता पुढील सतरा वर्षे तुकड्यातुकड्यांनी लिहिली गेली. तीत नाताळ तीनदा येतो, आणि दर वेळी शोकाची जात पालटलेली असते. शोक वेळापत्रकाला जुमानत नाही, तो ओसरतो, परततो, नकळत रूप बदलतो, हे ती कविता दाखवू शकते, कारण तिच्यापाशी काळ आहे. चित्रकारापाशी तो नाही. त्याला प्रतीकाची गरज भासते ती येथे. व्हिक्टोरियन शोकचित्रांतील प्रतीके भावना व्यक्त करण्यासाठी आहेत असे समजले जाते. प्रत्यक्षात त्यांतील महत्त्वाची प्रतीके चित्रात काळ आणण्यासाठी आलेली दिसतात.

दुसरी अडचण निव्वळ रंगकामाची होती. दरबारी व्यक्तिचित्राची सारी भिस्त चकाकीवर असे. फ्रान्त्स विंटरहाल्टरने रंगवलेल्या राणी व्हिक्टोरियाच्या चित्रांत सॅटिनच्या घड्या, रत्ने, खांद्यांची त्वचा यांवरून प्रकाश घरंगळत जातो, आणि राजवैभवाचा प्रत्यय त्या घरंगळण्यातूनच येतो. क्रेपचा गुण असा की तो प्रकाश गिळतो. दुखवट्याच्या पहिल्या टप्प्यात चकाकणारे काहीही अंगावर नसावे असा दंडकच होता. म्हणजे चित्रकाराचे मुख्य साधनच काढून घेतलेले. उरतात ते चेहरा, हात, टोपीचा पांढरा ठिपका आणि भोवतालच्या वस्तू. विधवेच्या चित्रात वस्तूंची गर्दी का होते याचे एक साधे उत्तर या तांत्रिक कोंडीत आहे.

राजपुत्र अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी विंडसर येथे वारला आणि राणीने पुढची चाळीस वर्षे काळे वस्त्र सोडले नाही. दुखवट्याच्या संहितेतील मुदतीचे कलमच तिने रद्द केले असे म्हणता येईल. फ्रॉइडच्या १९१७ च्या निबंधाचा आधार घेऊन, पूर्ण होणारा शोक आणि पूर्ण न होणारी विषण्णता यांतील दुसरी अवस्था तिच्यावर चिकटवणे सोपे आहे, आणि ते वारंवार झालेही आहे. पण राणीच्या मनोविकाराचे निदान हे चित्रमीमांसेचे काम नव्हे. चित्रांच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की, व्यक्तिचित्र जे अपरिहार्यपणे करते ते तिने आयुष्यात करून दाखवले : दुखवट्याचा एक टप्पा तिने कायमची स्थिती करून टाकला. १८६२ मधील छायाचित्रांत काळ्या वस्त्रांतील राणी आणि तिच्या मुली अल्बर्टच्या संगमरवरी अर्धपुतळ्याभोवती बसलेल्या दिसतात. एरवीच्या कुटुंबचित्रात पित्याची जी जागा असते ती पुतळ्याला दिलेली आहे. पर्सच्या वर्गीकरणात पाहिले तर ही रचना मोठी गुंतागुंतीची ठरते. पुतळा हे सादृश्यावर आधारलेले चिन्ह; छायाचित्र हे वस्तूच्या प्रत्यक्ष स्पर्शातून उमटलेले, धुराने अग्नी कळावा तसे निर्देशक चिन्ह; आणि काळे वस्त्र हे केवळ संकेताने ठरलेले प्रतीक. मृत माणूस सादृश्याने हजर आहे, जिवंत माणसे निर्देशकाने, आणि त्या दोहोंतील अंतर प्रतीकाने सांगितले आहे.

एडविन लँडसियरच्या 'ऑस्बर्न येथील राणी व्हिक्टोरिया' (१८६५ ते १८६७) या तैलचित्राची कल्पना राणीचीच होती. काळ्या घोड्यावर काळ्या वेषातील राणी बसलेली आहे आणि पत्र वाचते आहे. जॉन ब्राउन हा स्कॉटिश सेवक लगाम धरून उभा आहे. खाली जमिनीवर इतर पत्रे, हातमोजे आणि सरकारी कागदांची पेटी. मागे बाकावर दोन राजकन्या आणि त्यापलीकडे ऑस्बर्नचा प्रासाद. 'शोक' या नावानेही हे चित्र ओळखले जाते. त्यात विलो नाही, कलश नाही, फुलपाखरू नाही. रूढ प्रतीकांच्या जागी कामाचे कागद आले आहेत. याला कारण होते. पतीच्या मृत्यूनंतर राणी लोकांपुढे येईनाशी झाली होती आणि राजसंस्थेच्या उपयुक्ततेविषयी उघड प्रश्न विचारले जात होते. १८६६ मध्ये तिने प्रथमच पुन्हा पार्लमेंटचे उद्घाटन केले, पण राजवस्त्र अंगावर घेतले नाही. ते सिंहासनावर नुसते पसरून ठेवले होते. लँडसियरच्या चित्रातील पत्र हे त्याच प्रश्नाला दिलेले उत्तर आहे : राणी शोकात आहे आणि कामही करते आहे. परंतु घोडा उभा आहे. पत्र वाचले जात आहे, पुढे जाणे थांबले आहे, आणि लगाम दुसऱ्याच्या हातात आहे. कामाचे म्हणून आणलेले चिन्ह रचनेच्या पातळीवर थांबण्याचे चिन्ह होऊन बसते. रॉयल अकॅडमीत १८६७ मध्ये हे चित्र मांडले गेले तेव्हा प्रेक्षकांचे लक्ष शोकाकडे वा कागदांकडे गेलेच नाही. ते लगाम धरणाऱ्या पुरुषाकडे गेले, आणि चित्र थट्टेचा व कुजबुजीचा विषय झाले. त्या प्रेक्षकांना असंस्कृत ठरवून चालणार नाही. विधवेचा दुखवटा संपायचा असतो आणि संपल्यावर तिच्या शेजारी कोणी उभे राहू शकते, हे त्या संहितेतच लिहिलेले होते. राणीने पुसलेले मुदतीचे कलम प्रेक्षकांनी चित्रात परत वाचले.

होल्मन हंटचे उदाहरण थोडक्यात नोंदवले पाहिजे. १८६६ मध्ये त्याने पत्नी फॅनीचे व्यक्तिचित्र आरंभले तेव्हा ती गरोदर होती. पूर्वेकडील प्रवासाला निघालेले हे दांपत्य फ्लॉरेन्समध्ये अडकून पडले. तेथे मुलगा झाला आणि डिसेंबर १८६६ मध्ये फॅनी वारली. चित्र पुरे झाले १८६८ मध्ये. त्याच काळात फ्लॉरेन्समध्ये हाती घेतलेले, कीट्सच्या कथाकाव्यावरचे 'इझाबेला आणि तुळशीची कुंडी' हे चित्रही त्याने पुरे केले. त्यासाठी आरंभी फॅनीच बसली होती. तेथे प्रियकराचे मस्तक पुरलेली कुंडी कवटाळून नायिका उभी आहे. म्हणजे एकच स्त्री दोन पटांवर : एका पटावर पत्नी, सुस्थित घरातली आणि जिवंत, दुसऱ्यावर शोक करणारी. शोक ज्याला झाला त्याने तो मृत स्त्रीलाच करावयास लावला आहे. पुरुषापाशी दुखवट्याची पुरेशी चिन्हे नसल्याने त्याला आपला शोक स्त्रीच्या आकृतीतून बोलावा लागतो, या वर केलेल्या विधानाला याहून स्पष्ट उदाहरण मिळणे अवघड आहे.

त्याच विधानाचे दुसरे आणि अधिक गहन रूप म्हणजे दान्ते गॅब्रिएल रॉसेटीचे 'बेआता बेआत्रिक्स' (सुमारे १८६४ ते १८७०). रॉसेटीची पत्नी एलिझाबेथ सिडल, स्वतः चित्रकार आणि कवयित्री, ११ फेब्रुवारी १८६२ रोजी अफूच्या अर्काच्या अतिसेवनाने वारली. चित्र तिच्या मृत्यूनंतर, पूर्वीच्या रेखाटनांच्या आधारे सिद्ध झाले. मिटलेल्या डोळ्यांची, किंचित वर उचललेल्या चेहऱ्याची स्त्री बसलेली आहे. तिच्या सैल पडलेल्या हातांवर प्रभावलय असलेला लाल पारवा पांढरे अफूचे फूल आणून ठेवतो. मागे छायाघटिकेची सावली नऊवर. दूर धूसर फ्लॉरेन्स, आणि एका बाजूला दान्ते व दुसऱ्या बाजूला प्रेमाची मूर्ती. दान्तेच्या 'व्हिटा नुओव्हा'तील बेआत्रिचे आणि सिडल या एकमेकींवर ठेवल्या आहेत. रॉसेटीने या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्येच प्रसिद्ध केले होते, म्हणजे शोकाची भाषा त्याच्यापाशी शोकाच्या आधीच तयार होती. आपण मृत्यू रंगवलेला नसून एका अकस्मात घडलेल्या आत्मिक रूपांतराची समाधिस्थिती रंगवली आहे, असे त्याने पत्रांतून स्पष्ट केले आहे. हे स्पष्टीकरण सहसा गूढवादाच्या खात्यावर टाकले जाते. कालदृष्टीने ते फार नेमके आहे. चित्रातली स्त्री जिवंतही नाही, मृतही नाही. ती जाण्याच्या क्रियेत आहे, आणि चित्राने ती क्रिया पुरी होऊ दिलेली नाही.

यातील प्रतीके कोशात शोधली तर फसगत होते. पारवा पांढरा असावा आणि अफूचे फूल लाल, अशी चित्रपरंपरेची सवय. पवित्र आत्मा, शांती, निरागसता यांचा भार पांढऱ्या पारव्यावर असतो. रॉसेटीने दोहोंचे रंग अदलाबदल केले आहेत. पक्षी प्रेमाचा आणि रक्ताचा रंग घेऊन मृत्यूचा दूत झाला आहे, आणि ज्या वनस्पतीपासून सिडलला मारणारे द्रव्य निघते तिला निष्कलंकतेचा रंग मिळाला आहे. तिच्या मृत्यूविषयी जी कुजबुज झाली असेल तिला हे उत्तर आहे की ती कबुली, याचा निकाल लागणार नाही. चित्राची पकड मात्र त्या अनिर्णयातच आहे. छायाघटिकेचेही तसेच. दान्तेच्या रचनेत नऊ ही बेआत्रिचेची संख्या. रॉसेटीने स्वतः योजलेल्या चौकटीवर तिच्या मृत्यूची ९ जून १२९० ही तारीख कोरलेली आहे. सिडलची तारीख कोठेच नाही. खाजगी मृत्यूला साडेपाचशेहून अधिक वर्षे जुन्या ग्रंथातील तारीख देऊन रॉसेटीने दुखवट्याचे वेळापत्रकच निरर्थक केले : ज्या मृत्यूपासून दिवस मोजायचे तोच येथे दुसऱ्या काळात नेऊन ठेवला आहे.

या ठिकाणी बहुतेक अभ्यासक चित्राच्या भव्य शोकमयतेपाशी थांबतात. पण चित्राची पुढची हकीकत त्या शोकमयतेला सुखाने राहू देत नाही. पत्नीच्या शवपेटीत रॉसेटीने आपल्या कवितांची हस्तलिखित वही ठेवली होती. ऑक्टोबर १८६९ मध्ये हायगेट येथील थडगे उघडून ती बाहेर काढण्यात आली आणि १८७० मध्ये त्याचा कवितासंग्रह निघाला. त्याच सुमारास 'बेआता बेआत्रिक्स' पुरे झाले आणि ग्राहकांसाठी त्याच्या प्रतिकृतींची मागणी सुरू झाली. शिकागोच्या कलासंग्रहालयातील १८७२ च्या प्रतीत खाली एक जोडपट्टी आहे. तीत दान्ते आणि बेआत्रिचे यांची स्वर्गातील भेट रंगवली आहे. मूळ चित्राने जी क्रिया अपुरी ठेवली तिला ग्राहकाच्या दिवाणखान्यासाठी सुखान्त जोडला गेला. बर्मिंगहॅम येथील शेवटच्या काळातील प्रत रॉसेटीच्या मृत्यूनंतर फोर्ड मॅडॉक्स ब्राउनने पुरी केली. तीत पारवा पांढरा आहे आणि फूल लाल. कोश पूर्ववत झाला. एखादे प्रतीक वैयक्तिक अनुभवाने वाकवले जाते आणि पुनरावृत्तीने पुन्हा सरळ होते, ही प्रक्रिया इतक्या ठळकपणे क्वचितच दिसते. ख्रिस्टिना रॉसेटीने १८५६ मध्येच, सिडल हयात असताना, 'इन अ‍ॅन आर्टिस्ट्स स्टुडिओ' हे सुनीत लिहून भावाच्या प्रत्येक पटावर एकच चेहरा आणि तोही खऱ्या बाईचा नसलेला, हे टिपून ठेवले होते. ते छापले गेले १८९६ मध्ये, कवयित्रीच्या मृत्यूनंतर.

या पार्श्वभूमीवर जेम्स व्हिस्लरच्या १८७१ मधील 'राखाडी आणि काळ्या रंगांतील रचना, क्रमांक १' या चित्राकडे पाहावे. बसलेली स्त्री चित्रकाराची आई अ‍ॅना. तिचा नवरा, रेल्वेचा अभियंता, १८४९ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे वारला. तेव्हापासून तिने काळे वस्त्र सोडले नव्हते. राणीपेक्षाही तिचा दुखवटा बारा वर्षांनी जुना. काळा पोशाख, पांढरी झालरीची टोपी, मांडीवर हात, हातात रुमाल : दुखवट्याची सारी सामग्री हजर आहे. अर्धपुतळा नाही, मृताचे चित्र नाही, कोमेजलेले फूल नाही. भिंतीवर चौकटीत दिसते ते व्हिस्लरचे स्वतःचे, थेम्सच्या धक्क्याचे अम्ललेखन. म्हणजे विधवेच्या चित्रात जी जागा मृत पतीची, ती मुलाच्या कामाने घेतली आहे. शीर्षकाने तर रंगांनाच चित्राचा विषय ठरवले. राखाडी आणि काळा हे दुखवट्याचेच दोन टप्पे आहेत, पूर्ण आणि अर्ध. व्हिस्लरने त्यांचा क्रम मोडून ते एकमेकांशेजारी ठेवले. कालक्रमातली चिन्हे अवकाशातली नाती झाली. लेसिंगला हे मान्य झाले असते.

आईचे चित्र म्हणून त्यात आपल्याला रस आहे, पण लोकांना त्याच्याशी काय कर्तव्य, असे व्हिस्लरने १८७८ मध्ये म्हटले. त्याला कलावादाची घोषणा समजण्याची प्रथा पडली आहे. वरील परंपरेच्या संदर्भात त्याचा दुसराही अर्थ निघतो. दुखवटा ही लोकांनी वाचण्यासाठीच घातलेली चिन्हे असतात. लोकांना वाचण्याचा अधिकार नाकारणे म्हणजे शोक दुखवट्यापासून सोडवणे. या चित्रात काळ नाही असे मात्र नव्हे. बावीस वर्षे घातलेले वस्त्र हे चिन्ह उरत नाही, ते सवय होते. अ‍ॅनाच्या बसण्यात त्या सवयीचे वजन आहे. कोणत्याही छायाघटिकेने न सांगितलेला काळ येथे दिसतो. हे चित्र पाहून टॉमस कार्लाइल, जो १८६६ पासून विधुर होता, स्वतः बसायला तयार झाला, आणि त्याच मांडणीतले क्रमांक २ चे चित्र १८७३ पर्यंत पुरे झाले. त्यात दुखवट्याचे म्हणून ओळखता येईल असे काही नाही. काळा कोट सगळेच घालत. ज्याने पत्नीच्या आठवणींचे पुस्तकभर लेखन केले होते, त्याला चित्रात ते सांगण्याची सोय नव्हती आणि व्हिस्लरने ती करूनही दिली नाही.

पहिले चित्र १८९१ मध्ये फ्रेंच सरकारने विकत घेतले. १९३४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यावरून मातृदिनाचे तीन सेंटांचे तिकीट काढले. भिंतीवरचे अम्ललेखन त्यात दिसत नाही. आईच्या पायांसमोर, चित्रात कधीच नसलेली फुलांची एक फुलदाणी ठेवलेली आहे, आणि बाजूला हे तिकीट अमेरिकेतील मातांच्या स्मरणार्थ व सन्मानार्थ असल्याचे छापले आहे.